सोळा मशीनच्या कात्रीबाई

कात्रीबाईंना बिनकामाची वस्तू डोळ्यांसमोर खपत नसे. शाळेत रुजू झाल्याच्या पहिल्याच दिवशी त्यांनी स्टाफरूमच्या टेबलावरची प्लास्टिकची फुलं उचलून कपाटात टाकली. "पाणी न्हाय, वास न्हाय, नुसती धूळ खात्यात," एवढंच म्हणाल्या. ती फुलं मी आणली होती. त्या दिवसापासून आमचं जे बिनसलं, ते बरेच दिवस तसंच राहिलं.

डाळजच्या आमच्या शाळेत त्या कंत्राटी संगणक शिक्षिका होत्या. भिगवणहून एसटीने यायच्या. कात्रीबाई हे नाव पोरांनी ठेवलं आणि बाईंनी ते हौसेने मिरवलं, कारण त्यांचा उद्योगच कापण्याचा. संगणक नव्याने उभा करायचा तर पेनड्राइव्हवर एक भलीमोठी फाइल लागते, तिला इमेज म्हणतात. तिच्यात संगणकाला लागणारं सगळं असतं आणि न लागणारं त्याच्या दुप्पट. पत्त्यांचे खेळ, परदेशातलं हवामान, कुणी न मागितलेल्या भाषा. आमची सोळा मशीनं म्हातारी. एवढं सगळं पोटात घेऊन ती जागी होईपर्यंत तासाची घंटा व्हायची.

बाई लिनक्स नावाच्या, फुकट मिळणाऱ्या सिस्टीमची इमेज उघडायच्या, तिच्यातलं एकेक काढायच्या, पुन्हा बांधायच्या आणि नऊ नंबरच्या मशीनवर चालवून बघायच्या. चाललं तर वहीत त्या गोष्टीपुढे 'गेलं' लिहायच्या, अडलं तर 'परत'. "काढून बघायचं, सर. चाललं, म्हंजे ते लागतच नव्हतं." हे वाक्य त्यांनी इतक्यांदा ऐकवलं की मुख्याध्यापक परिपाठातल्या सूचनासुद्धा आवरत्या घेऊ लागले.

अशात तालुक्याहून पत्र आलं. जुन्या मशीनवर नवी सिस्टीम चालत नाही, तेव्हा त्यांचं निर्लेखन करावं, म्हणजे सरळ भाषेत भंगारात काढावीत. नवी कधी येणार याबद्दल पत्रात अवाक्षर नव्हतं. रिकाम्या खोलीत तांदळाची पोती ठेवायचं मात्र ठरूनही गेलं. साठा नोंदवही माझ्याकडे होती. मी यादी केली, सोळा मशीनपुढे सोळा वेळा 'नादुरुस्त' लिहिलं आणि खाली सही ठोकली.

बाईंनी यादी वाचली. "सर, एकतरी चालू करून बघितलं व्हतं का?"

मी म्हटलं, आदेश होता.

"मी मशीनचं विचारलं. आदेशाचं न्हाय."

मला राग आला. खरं सांगायचं तर लाज वाटली होती, पण लाजेपेक्षा राग दाखवणं सोपं असतं.

तालुक्याचे साहेब तपासणीला पंधरा दिवसांनी येणार होते. बाईंनी कापाकापीचा सपाटा लावला. छपाई गेली, खेळ तर कधीच गेले होते, शेवटी आवाजही गेला. पोरं काय गाणी ऐकायला येतात का, असा त्यांचा सवाल. मशीनं चटाचट चालू होऊ लागली आणि वर्गाने टाळ्या वाजवल्या. फक्त नऊ नंबरवर आठवीतली अश्विनी कळा दाबून दाबून थांबली होती. तिला दिसत नाही. दाबलेलं अक्षर मशीन वाचून दाखवायचं, त्या भरवशावर तिने नुकताच लेखनिकाशिवाय, स्वतःच्या हाताने निबंध लिहिला होता. "बाई, हे आज बोलत न्हाय," ती म्हणाली.

बाईंनी वही ओढली आणि पानभर मोठ्या अक्षरात 'चूक माझी' लिहिलं. आवाज परत आला, वाचून दाखवणारा कार्यक्रम परत आला, आणि मशीनं पुन्हा रेंगाळली. तेव्हा बाईंनी दिखाऊ तेवढं सगळं उचलून फेकलं. मागची चित्रं, सावल्या, रंगीत खुणा, काहीही ठेवलं नाही. उरला नुसता करडा पडदा. "दिसायचं सगळं गेलं तरी चालंल," त्या म्हणाल्या, "बोलायचं ऱ्हायलं पायजे."

साहेब वेळेवर आले. माणूस सभ्य होता. ह्या मशीनची वर्षं भरली आहेत, नियमच तसा आहे, असं त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं. बाईंनी सोळाच्या सोळा मशीनं चालू केली. अश्विनीने स्वतःचं नाव टाइप केलं आणि मशीनने ते खड्या आवाजात वाचलं. साहेब म्हणाले, चालतात हे खरं, पण कागद तयार झालेत.

बाईंनी माझ्या यादीचा कागद आणि पेन त्यांच्यापुढे सरकवलं. "मग कारणाच्या रकान्यात 'बंद' लिवा, साहेब. ह्या मशीनपुढं बसून लिवा."

साहेबांनी पेन उचललंच नाही. त्यांनी माझी सही पाहिली आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी लाल पेन काढून सगळ्यांदेखत माझी सही खोडली. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत मी मारलेली एवढीच एक धाडसाची रेघ.

मशीनं वाचली, बाई वाचल्या नाहीत. संगणक कक्ष आता आपोआप चालतो, सबब वेगळ्या शिक्षिकेची गरज नाही, असं शाळा चालवणाऱ्या संस्थेचं पत्र एप्रिलमध्ये आलं. मी ते तणतणत त्यांच्याकडे नेलं. वाटलं, आता ह्या कुणाची गय करणार नाहीत. बाई वाचून हसल्या. "खरंच हाय की, सर. मी नसतानाबी चालावं म्हणूनच केलं व्हतं." जाताना वही माझ्या हातात दिली. कपाटातली फुलं त्यांनी धुऊन माझ्या टेबलावर ठेवली होती, आणि वहीतली शेवटची नोंद होती, 'सरांची फुलं – परत'. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

हल्ली त्या बारामतीत एका दुरुस्तीच्या दुकानात जुनी मशीनं उठवतात. अश्विनी तिथल्याच कॉलेजात आहे, बाईंच्या इमेजचा पेनड्राइव्ह पर्समध्ये घेऊन हिंडते.

बाई गेल्या त्याच वर्षी दिवाळीपूर्वी संस्थेने अहवाल मागवला. कक्ष शिक्षिकेविना सुरळीत चालतो, एवढं एक वाक्य लिहून सही करायची होती. मशीनं सोळाही चालू होती. पण मुक्या झालेल्या मशीनपुढे बसलेलं पोर पाहून 'चूक माझी' लिहिणारं त्या खोलीत आता कुणी नव्हतं. मी लिहिलं, 'बाईंना काढून पाहिले. चालत नाही.' त्यावर माझ्याकडे लेखी खुलासा मागवला गेला. खुलाशात मी तेच वाक्य पुन्हा लिहिलं आणि खाली सही केली. ही सही मी खोडलेली नाही.