फळ्यावरचे सहा जादा

आमच्या बंदर कचेरीत शिरलं की डाव्या हाताला एक काळा फळा आहे. रोज सकाळी साडेनऊला त्यावर समुद्राची तब्येत लिहिली जाते: वारा किती नॉट, कुठल्या दिशेचा, लाटा किती उंच, दुपारनंतर काय होणार. लिहिणाऱ्या गृहस्थांना सगळा धक्का जादाकाका म्हणतो. आपण कामाच्या वेळेपेक्षा जादा थांबतो म्हणून हे नाव पडलं असावं, अशी काकांची समजूत होती. ती कुणी मोडली नाही, कारण ते खरोखरच जादा थांबायचे.

माझं टेबल त्यांच्या शेजारी, आवक-जावकीचं. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात मला कळलं की काका जादा थांबतात ते वेगळं आणि जादा लिहितात ते वेगळं. नऊ वाजता मुख्य कचेरीतून फोन येई. काका कान दाबून ऐकत, चिठ्ठीवर आकडे उतरवून घेत, मग खडू उचलत आणि चिठ्ठीवर बारा असले तर फळ्यावर अठरा लिहीत. सोळा असले तर बावीस. बरोबर सहा, रोज. लाटांना हात लावत नसत. लाट माणसाला दिसते, वारा दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं.

नोकरीच्या पहिल्या महिन्यात त्यांनी इमानदारीत चौदा लिहिलं होतं. त्या दिवशी एक लाँचवाला परतला तो डोक्यापासून चपलांपर्यंत भिजून. कचेरीत शिरला, काकांच्या टेबलावर सदरा पिळला आणि विचारलं, हेच का तुमचं चौदा? तेव्हापासून सहा वाढले. सहाच का, तर चार फार कमी वाटले आणि आठ म्हणजे थाप मारल्यासारखं वाटलं.

खरं तर हा माणूस प्रत्येक गोष्टीत थोडं वर टाकतो. घरचं घड्याळ वीस मिनिटं पुढे. बायको मनात वीस वजा करते हे लक्षात आल्यावर त्यांनी गुपचूप ते तीस मिनिटं पुढे केलं. तिने तीस वजा करायला सुरुवात केली, तेव्हा यांनी दया येऊन पुन्हा वीसवर आणलं. त्या दिवसापासून त्या घरात नक्की किती वाजले हे शेजाऱ्यांना विचारतात. ताप शंभर असला तर डॉक्टरांना एकशेदोन सांगायचा. स्टेशनावर एकदा इतके लवकर पोचले की आधीची गाडी अजून फलाटावर होती. तिच्यातच बसले, आणि ती भलत्याच गावाला गेली. समुद्राचं म्हणाल तर एकोणीस वर्षांच्या नोकरीत ते एकदाही लाँचमध्ये बसले नाहीत. समुद्राशी भांडण नाही, फक्त तो खिडकीतून बरा.

आता लाँचवाल्यांचं. खरा वारा पंचविसाच्या वर जाणार असला की वरच्या मजल्यावरून साहेब लाल बावटा चढवतात, मग एकही लाँच सुटत नाही. पंचविसाच्या आत ज्याने त्याने फळा वाचून आपलं ठरवायचं. एके दिवशी फळ्यावर अठ्ठावीस आणि वर बावट्याचा पत्ता नाही. धक्क्यावर काम करणारी माणसं कमी शिकलेली असली तरी वजाबाकी त्यांना येते. त्यांनी साहेबांच्या शिपायाकडून खरा आकडा काढला, तो निघाला बावीस. आणखी चार-पाच दिवस ताळा घेतला. दर वेळी सहा. त्यानंतर ते फळ्यासमोर उभे राहत, ओठातल्या ओठात सहा वजा करत आणि कामाला लागत. काकांना कुणी बोललं नाही. वडीलधाऱ्या माणसाचा विनोद जुना आहे हे जसं आपण त्याला सांगत नाही, तसंच ते होतं.

या वजाबाकीत सर्वांत तरबेज म्हणजे काकांचा सख्खा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. पलीकडच्या किनाऱ्याला माणसं नेणारी लाँच त्याची. सहा वजा करून अठरापर्यंत आलं तर जायचं, त्याच्या वर गेलं तर लाँच बांधून पत्ते काढायचे, हा त्याचा नियम. असं सगळं सुरळीत चाललं होतं. काका सहा घालत होते, धक्का सहा काढत होता, आणि समुद्राला कुणी विचारत नव्हतं.

मग नवे साहेब आले. साहेब तरुण, टाचण्यासुद्धा मोजून घेणारे. तिसऱ्याच दिवशी त्यांनी चिठ्ठी आणि फळा शेजारी शेजारी पाहिला. शुक्रवारी लेखी आदेश निघाला की सोमवारपासून फळ्यावरील आकडा प्राप्त माहितीबरहुकूम असावा, त्यात कोणतीही भर घालू नये. जावक नोंद मीच केली. काकांनी कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि घामेजलेल्या हाताने खडूचे दोन तुकडे केले.

सोमवारी उकाडा असा होता की कचेरीतल्या फायलीही खुर्चीला चिकटत होत्या. नऊचा फोन आला. सकाळी वारा आठ नॉट, दुपारी दोननंतर बावीस, नैर्ऋत्येकडून, लाटा अडीच मीटरपर्यंत. काका फळ्यासमोर बराच वेळ उभे राहिले. शेवटी त्यांनी त्या पहिल्या महिन्यानंतर प्रथमच ऐकलं तेच लिहिलं: बावीस. आणि आपण काही उघडं टाकून आलोय असा भाव चेहऱ्यावर घेऊन जागेवर बसले.

दहाला पाच कमी असताना काकू आल्या. पलीकडच्या किनाऱ्यावर त्यांच्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, तिला बघून त्याच दिवशी परत यायचं होतं. आठ दिवस बेत चालला होता. दारातूनच त्यांनी फळ्याकडे नजर टाकली, सोळा, असं पुटपुटल्या आणि पिशवी घेऊन थेट भावाच्या लाँचमध्ये जाऊन बसल्या.

काकांनी घड्याळ पाहिलं. दहाला लाँच सुटणार, साडेअकराला पोचणार, दीडला परत निघणार. म्हणजे दोन वाजता, वारा बावीसवर येईल तेव्हा, ही मंडळी भर समुद्रात. ते तसेच उठले आणि हातात खडू घेऊन उन्हात धक्क्यावर गेले. मीही मागोमाग गेलो, कारण कामाच्या वेळेत काका बाहेर पडलेले मी कधी पाहिले नव्हते.

मेहुणा दोर सोडत होता. काकांनी त्याला सांगितलं की आज नेऊ नकोस.

"भाऊजी, सोळाला मी झोपेत लाँच चालवतो."

"सोळा कुठले? बावीस लिहिलेत."

"तेच म्हणतोय. बाविसातून सहा गेले."

"कुठले सहा?"

"तुमचे," मेहुणा म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर त्यालाच वाईट वाटलं.

शेजारच्या दोन लाँचवाल्यांना मात्र विषय आवडीचा निघाला. एकाच्या मते सहा नव्हे, सात असतात. दुसरा म्हणाला की दमट हवेत सात, एरवी सहा. तेवढ्यावरून त्यांची आपसांत जुंपली. काका या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत होते. इतकी वर्षं रोज या लोकांना आपण सहा नॉटांनी वाचवतोय, या भरवशावर हा माणूस रात्री झोपत होता.

"एकोणीस वर्षं?" त्यांनी हळूच विचारलं.

"छे छे," मेहुण्याने समजूत काढली, "पहिली दीड वर्षं आम्हाला काहीच माहीत नव्हतं."

मग काकांनी त्यांना बजावलं की आज एकही वाढवलेला नाही, साहेबांचा आदेश आहे, आजचे बावीस म्हणजे बावीसच. मेहुणा हसला. आकडा खरा आहे असं तर तुम्ही रोजच सांगता, म्हणाला. काकांनी खिशातला आदेश काढून दाखवला. एका लाँचवाल्याने तो उलटसुलट करून बघितला आणि शिक्का छान आहे म्हणाला. शेवटी काकांनी मला साक्षीला उभं केलं. मी शपथेवर सांगितलं. त्यावर उत्तर आलं की तू त्यांच्या शेजारच्याच टेबलावर बसतोस.

लाँचमध्ये डझनभर माणसं खोळंबली होती. काकू आतूनच म्हणाल्या, "अहो, जा ना आत. लोक बघतायत."

इंजिन सुरू झालं.

काका वळले आणि झपाझप कचेरीकडे निघाले. दाराबाहेर एक पितळी घंटा टांगलेली आहे. दिवसात मध्येच हवामान बदलल्याचा फोन आला, की ती वाजवायची आणि फळा बदलायचा, असा नियम. काकांनी आयुष्यात सगळं वाढवून सांगितलं, पण ती घंटा कधी उगीच वाजवली नव्हती. फोन आला तरच वाजवत, नेमके तीन टोले. धक्क्यावर काकांच्या आकड्यावर कुणाचा विश्वास नसला तरी घंटेवर सगळ्यांचा होता.

आत आले तर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर साहेब चहाचा कप घेऊन उभे. काकांनी त्यांना पाहिलं. साहेबांनीही काकांना पाहिलं. काकांनी बाहीनेच बावीस पुसलं, अठ्ठावीस लिहिलं आणि बाहेर जाऊन तीन टोले दिले.

साहेब फळ्यापाशी आले. "फोन तर आलेला नाही. हे काय लिहिलंत?"

"बावीस, साहेब."

साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. फळ्यावर अठ्ठावीसच होतं.

"अठ्ठावीस लिहिलं की ते बावीस वाचतात," काका म्हणाले. "बावीस लिहिलं तर सोळा वाचतात. आमची मंडळी त्या लाँचमध्ये आहे, साहेब."

बाहेर मेहुण्याने टोले ऐकले होते. तो लाँचवरून उडी मारून दारापर्यंत आला, फळा वाचला, ओठ हलवले आणि काकांकडे न बघता परत गेला. इंजिन बंद झालं. उतारूंची कुरकुर झाली, सर्वांत मोठी काकूंची. त्या येऊन माझ्या खुर्चीवर बसल्या आणि मला म्हणाल्या, यांना सांग, आता माझ्याशी बोलायचं काम नाही. यांना म्हणजे कुणाला हे मी विचारलं नाही. काका चार हातांवर बसले होते.

साहेब वर गेले. काकांना बोलावणं आलं नाही, तेच जास्त भयंकर होतं. खोटी घंटा वाजवल्याबद्दल माणसाला घरी बसवता येतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. एक वाजला, दीड वाजला. समुद्र ताटासारखा सपाट. बाहेर मेहुणा पत्ते पिसत अधूनमधून कचेरीकडे बघत होता. काकू पदराने वारा घेत समुद्राकडे बघत होत्या आणि दर दहा मिनिटांनी सुस्कारा टाकत होत्या, तो त्यांच्या आवाजाच्याही मानाने मोठा होता.

दोन वाजून दहा मिनिटांनी खिडकीचं एक दार धाडकन आपटलं. माझ्या जावक वहीची पानं उलटली. बघता बघता पाण्याचा रंग बदलला, पांढरे फेसाळ तुकडे दिसायला लागले आणि लाटा धक्क्याच्या पायऱ्या चढून वर यायला लागल्या. बांधलेल्या लाँचा टायरांवर आपटत होत्या. मेहुण्याचे पत्ते उडाले, ते टाकून तो जादा दोर बांधायला धावला. पायऱ्यांलगतच्या पाण्यात त्याची लाँच एका बाजूला अशी कलंडली की तिचं पोट दिसलं, आणि तेही इथे, आडोशाला.

काकू खिडकीशी उभ्या राहून बराच वेळ बघत होत्या.

"किती आहे?" त्यांनी विचारलं.

"बावीस."

"मग सकाळी नीट सांगायचं ना."

"नीटच सांगितलं होतं," काका म्हणाले.

तेवढ्यात साहेब गच्चीवरचं वाऱ्याचं यंत्र बघून खाली उतरले. केस विस्कटलेले, सदऱ्यावर खारं पाणी. काका उठून उभे राहिले. साहेबांनी एवढंच विचारलं की उद्या तुम्ही खरा आकडा लिहिलात तर ही माणसं काय करतील. काकांनी सांगितलं, बुडतील. साहेब खुर्ची ओढून बसले, मेहुण्याला बोलावून घेतलं आणि अर्धा तास तिघांची बैठक झाली. मेहुणा घासाघीस करत होता. सुरुवात सातापासून धरा म्हणत होता, कारण त्या दोन लाँचवाल्यांचं सहा की सात हे अजून मिटलं नव्हतं. संध्याकाळी आदेश निघाला. खोट्या घंटेबद्दल काकांना लेखी समज, आणि फळ्याबद्दल असं की चालू आठवड्यात पाच जादा लिहावेत, पुढील आठवड्यात चार, याप्रमाणे दर सोमवारी एकेक कमी करत शून्यावर यावे; त्या त्या आठवड्याची वजाबाकी लाँचवाल्यांना सकाळी तोंडी सांगावी. खऱ्यापर्यंत पोचायला किती आठवडे लागतील हे ठरवून दिलेला सरकारी कागद मी तेवढाच पाहिला आहे.

दर सोमवारी काका धक्क्यावर जाऊन आजपासून चार, आजपासून तीन, असं सांगू लागले. तिसऱ्या आठवड्यात एका लाँचवाल्याने तिनाऐवजी चार वजा केले आणि उतारूंना थोडं भिजवून आणलं. पण सदरा पिळायला तो काकांकडे आला नाही, स्वतःच्याच घरी गेला.

सहाव्या सोमवारी वजा करायला काही उरलं नाही. फळ्यावर दिवसभराचा वारा अकरा होता. काकू पिशवी घेऊन आल्या. फळ्यासमोर उभ्या राहिल्या. ओठ हलवायला घेतले आणि थांबल्या.

"अहो, अकरा म्हणजे किती?"

काकांनी खडू खाली ठेवला. "अकरा."

काकूंनी पिशवी भावाच्या हातात दिली आणि लाँचमध्ये जाऊन बसल्या. मेहुण्याने दोर सोडला. लाँच दिसेनाशी होईपर्यंत काका धक्क्याच्या टोकाला उभे होते, आणि कचेरीत परत आल्यावरही मध्ये मध्ये उठून खिडकीशी जात होते. संध्याकाळी काकू उतरल्या तेव्हा त्यांच्या पदराला पाण्याचा थेंबही नव्हता.