बिबट्यासाठी रिव्हॉल्व्हर

महाडच्या बाजारातले एक बंदूकविक्रेते डोळे मिटून, रिव्हॉल्व्हर कानाशी धरून त्याचे चक्र फिरवीत. त्या मंद टिकटिकीत सारे दुकान पेंगुळल्यासारखे होई. उमरठच्या वाटेवर बिबट्या असतो, असे सांगून मी परवाना पुढे केला आणि खिशात मावणारे छोटे हत्यार निवडले. त्यांनी त्याचे काडतूस माझ्या तळहातावर ठेवले.

“अण्णा, यानं बिबट्याला नुसती खाज सुटेल. हे माणसासाठी हाय. कोण हाय तो?”

शेताच्या बांधावरून वैर धरलेल्या धाकट्या भावाचे नाव माझ्या तोंडून कसे निसटले, कळले नाही. त्यांनी हत्यार तेलकट फडक्यात पुन्हा गुंडाळून आत ठेवून दिले.

“मग त्यालाच सोबत न्या. बिबट्या दोघांच्या वाटेला जात नाय.”

आता उमरठच्या वाटेवर भाऊ पुढे चालतो. त्याच्या पाठीकडे पाहताना ती टिकटिक मला अजून ऐकू येते.