जरासं वाढवू, मंग पाहू

लेकराच्या कपाळावर ताप पाहायला ठेवावा, तसा आमचे शेजारी वसंताभाऊ कॉम्प्युटरच्या डब्यावर हात ठेवायचे. पडद्यावर तापमानाचा आकडा दिसत असला तरी. आकड्यावर त्यांचा विश्वास होता, पण हातावर जास्त.

अकोल्यात त्यांचं हारफुलांचं दुकान. मुलगी रेणू हिला अमरावतीला ॲनिमेशन शिकायचं होतं, आणि प्रवेशासाठी स्वतः केलेली छोटी फिल्म पाठवायची होती. घरातला म्हातारा कॉम्प्युटर एकेका दृश्याला दिवस दिवस घ्यायचा. मुदत तर तोंडावर आलेली. तेव्हा प्रोसेसरला त्याच्या ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचं, म्हणजे ओव्हरक्लॉकिंग करायचं, भाऊंनी मनावर घेतलं. तेही मे महिन्यात! अकोल्यात मे महिन्यात माणूस नुसता बसला तरी तापतो.

पण गडी धीराचा. वेग थोडा वाढवायचा, तासभर कामाला जुंपायचं, तापमान पाहायचं, मगच पुढची पायरी. रेणू वैतागायची, "बाबा, येकदमच वाढवा ना!"

"येकदम कायले? जरासं वाढवू, मंग पाहू." भाजीतलं तिखट, स्कूटर, रेणूच्या लग्नाचा विषय, सगळीकडे त्यांचं हेच.

घोटाळा एकदाच केला. फुलांवर पाणी शिंपडायची जन्माची सवय; त्यांनी घरातला एकुलता कूलर ओढून उघड्या डब्यासमोर लावला. रेणू किंचाळली, "बाबा, पानी उडून राह्यलं!" लगेच पाण्याची मोटर बंद झाली, पण पंखा डब्याकडेच राहिला. बायको, मालतीबाई, घामानं निथळत म्हणाल्या, "आमी काय मानसं नाई का?"

"तुले घाम तरी येते. त्याले कुठी येते?"

त्या दिवशी भाऊंना चहा दुकानावरच प्यावा लागला.

शेवटी एका पायरीवर मशीन हँग झालं. रेणू म्हणाली, व्होल्टेज चढवू, जास्त वीज मिळाली की पळेल. भाऊंनी उलट वेग एक पायरी उतरवला. "ते नाई म्हनून राह्यलं. आयकावं." फुलबाजारासाठी पहाटे उठणं होतंच, त्या गारव्यात दृश्यं तयार होत गेली. फिल्म वेळेत गेली आणि प्रवेश मिळाला.

अकोल्याहून अमरावती ती किती लांब! पण स्टँडवर भाऊ असे रडले, की कंडक्टरनं विचारलं, "पोरगी लंडनले चालली का?" आम्ही सगळ्यांनी त्यांना मनसोक्त चिडवलं.

पुढच्याच आठवड्यात मी त्यांच्याकडे गेले, तर भाऊ कॉम्प्युटर पुन्हा जुन्या वेगावर आणत बसलेले.

"काहून हो भाऊ? चांगला तं पळून राह्यला होता."

त्यांनी मान वर केली नाही.

"आता या घरात घाई कोनाले हाये, ताई?"