देवी दिसेनाशी झाली ती माझ्यामुळे

ही हकीगत सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. नाशिकच्या आमच्या भजनी मंडळात माझ्या पत्नीने ती कितीतरी वेळा सांगितली आणि मी शेजारी बसून मान डोलावत राहिलो. तिच्या सांगण्यात खोटं काही नव्हतं. खोटं होतं ते माझं, आणि ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही. ती जाऊन दोन वर्षं झाली. आता लिहून टाकतो.

गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं तर पेठकडच्या डोंगरावरच्या देवीला पायी चढून जाईन, असा तिचा नवस होता. माझा देवीवर फारसा भरवसा नव्हता. जमीन मोजणी खात्यात सारी नोकरी झालेली, त्यामुळे वाटा आपल्याला कळतात एवढा भरवसा मात्र होता. वैशाखातल्या एका सकाळी मुलाने आम्हाला पायथ्याशी सोडलं आणि तो गाडीपाशीच थांबला. निम्म्या चढावर वाटेला दोन फाटे फुटतात. उजवा लांबचा, डावा जवळचा आणि झाडीतला. डाव्या वाटेच्या तोंडावर पानांसकट तोडलेली एक हिरवी डहाळी आडवी टाकून तिच्यावर धोंडा ठेवलेला होता. शेजारी पाड्यावरची एक बाई द्रोणांत करवंदं घेऊन बसली होती.

"बाबा, तिकून नका जाऊ," ती म्हणाली. "पाला लय साचलाय. खालचा मुरूम सुटलाय."

"आणि उजवीकडे तुझंच कुणीतरी सरबत विकत बसलं असेल," मी म्हणालो.

ती हसली. "बसलीय ना, माझी जाव हाय. तिचं सरबत नका पिऊ, पानी घालून घालून पार धुतलंय. पन वाट तीच धरा."

"अहो, ऐका ना तिचं," पत्नी म्हणाली. मी धोंडा सरकवला आणि डहाळी पायाने बाजूला सारली.

सुरुवातीची वाट बरी होती. पुढे सागाचा वाळका पाला घोट्याच्या वर आला आणि त्याखाली खडे गोट्यांसारखे घरंगळू लागले. चढ कुठे संपतो आणि कडा कुठे सुरू होतो ते पाल्यामुळे दिसेना. पत्नीचा पाय सुटला. ती घसरत खाली गेली आणि एका बुंध्याला अडली. पाण्याची पिशवी दरीत गेली. मी कसाबसा तिच्यापर्यंत पोचलो, पण तिथून आम्हाला वर जाता येईना, खालीही उतरता येईना. ऊन चढत गेलं तसं तिचं बोलणं तुटक होत गेलं. फोनला रेंज नव्हती. प्रार्थना कशी करतात ते मला येत नव्हतं. चूक माझी आहे, हिला सोडव, एवढंच मनात म्हणत बसलो.

तेवढ्यात पाला वाजला. करवंदवाली बाई पाण्याचा कॅन आणि काठी घेऊन उतरत होती. "तुम्ही परत आला नाय, म्हनून आले," म्हणाली. पत्नीला घोट घोट पाणी पाजलं, पदर भिजवून डोक्यावर ठेवला. मग मला म्हणाली, "डहाळी हिरवी व्हती, बगितली नाय? हिरवी म्हंजे आजच कुनी जाऊन वाट बगून आलंय. मीच गेलते पहाटं."

ती ज्या रीतीने आम्हाला खाली घेऊन आली, ते आठवलं की आजही हात जोडले जातात. काठीने पाला सारायची, टाचेने दगड दाबून बघायची, हलला तर "ह्यो नाय" म्हणायची आणि दुसरा शोधायची. जिथे उभं राहणं शक्य नव्हतं तिथे पत्नीला बसवून, तिचे पाय स्वतःच्या खांद्यावर घेऊन, इंच इंच सरकवायची. मी तिच्या पावलावर पाऊल ठेवत गेलो. काही विचारलं नाही, काही सुचवलं नाही. शरण जाणं म्हणतात ते मला आयुष्यात तेवढा एक तास जमलं.

खाली पोचल्यावर मुलगा संतापला. "आईला त्या वाटेने नेलंच कसं?" पत्नी मागच्या सीटवर ग्लानीत होती. मी म्हणालो, "त्या बाईनेच दाखवली वाट." तिथे उभ्या असलेल्या वनरक्षकाने ते ऐकलं आणि म्हणाला, "उद्यापासून तिला बसू देत नाही तिथं." बाई दहा पावलांवर नळाला कॅन लावून उभी होती. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, कॅन भरला आणि डोंगराकडे चालू लागली.

पत्नी मंडळात सांगायची, देवीच बाईच्या रूपाने आली आणि काम झाल्यावर दिसेनाशी झाली. ती देवी होती की नव्हती, यावर मी वाद घालत नाही. ज्या कृपेची मी याचना केली ती आली होती, आणि तिला दिसेनासं मी केलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात मी एकटाच गेलो. फाट्यावर कुणी नव्हतं. उजव्या वाटेवर तिची जाऊ सरबत विकत बसली होती. "ती नाय येत आता," म्हणाली. "पिंपळगावकडं कामाला गेली." मी बाईचं नाव विचारलं, तशी तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "कशाला पायजे नाव? आता आनखी कसली तक्रार हाय?"

सांगायचं होतं ते घरून घोकून नेलं होतं. बाई, तुम्ही वाट बरोबर सांगितली होती. मी ऐकलं नाही, आणि खाली येऊन तुमच्यावर खोटं बोललो. मला माफ करा. ते मी जावेलाही सांगू शकलो नाही. सरबत प्यालो आणि उतरलो.