पहिला कॉर्ड म्हणजे घर

गिटारचे मास्तर स्वभावाने वाईट नव्हते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जे घडलं ते ऐकल्यावर कुणी ते मान्य करणार नाही. फक्त त्यांना मास्तरकीची सवय लागली होती. वर्षानुवर्षं समोर बसलेली माणसंच चुकत आली, की आपणही चुकू शकतो हे माणूस विसरतो.

लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर त्यांचा क्लास होता. खालून इस्त्रीची वाफ जिन्यावर यायची, त्यामुळे मास्तरांच्या खोलीला कायम धुतलेल्या चादरींचा वास असायचा. दहाबारा घडीच्या खुर्च्या, एक मोठा आरसा, आणि आरशाच्या वर मास्तरांनी स्वतः रंगवलेलं वाक्य: ‘पहिला कॉर्ड म्हणजे घर’. कॉर्ड म्हणजे एकदम छेडलेले तीन-चार सूर, आणि हे वाक्य म्हणजे मास्तरांची जन्माची कमाई. एखाद्या गाण्यात मधेच एकट्याने सोलो वाजवायचा, तोही आयत्या वेळी सुचेल तसा, तर हाताशी कुठले सूर घ्यायचे, म्हणजे कुठलं स्केल निवडायचं, हा नवशिक्यांना घाम फोडणारा प्रश्न. मास्तर तो चुटकीसरशी सोडवायचे. “गाणं ज्या कॉर्डने सुरू होतं ते त्याचं घर. त्या घराचं स्केल घ्या आणि बागडा!” मुलं खूश व्हायची. एका बॅचने तर हे वाक्य छापलेला टी-शर्ट त्यांना भेट दिला होता, आणि मास्तर तो घालून भाजी आणायला जायचे.

आता खरं सांगायचं तर हा नियम सगळीकडे चालत नाही. पण मास्तर सोलो वाजवायचे ते पाच सुरांच्या स्केलमधून. त्यात नडणारे सूर मुळातच वगळलेले असतात, त्यामुळे घर चुकलं तरी बोभाटा होत नाही. मास्तरांची चूक अशी पाच सुरांच्या आड वर्षानुवर्षं सुखाने नांदत होती.

ती पहिल्यांदा लक्षात आली त्यांच्या लेकीच्या. लहानपणी एका जागी टिकायची नाही म्हणून तिचं नाव खारू पडलं, ते कॉलेज संपलं तरी चिकटून होतं. खारूला क्लासमधली दुपारची लहान मुलांची बॅच शिकवायला हवी होती. किती दिवस ती बाबांच्या मागे लागली होती. मास्तर म्हणाले, “आईच्या निरोप समारंभात आपण दोघं वाजवू. तिथे बघतो तू चार लोकांसमोर कशी उभी राहतेस. मग ठरवू.”

मास्तरांची बायको पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर बसायची. नळ कोरडा पडला की शहरभरचे लोक ज्या बाईवर ओरडायचे ती हीच. ती आता निवृत्त होणार होती. तिने एकच मागणं केलं: लग्नाआधी दोघं मिळून ऐकायचे ते जुनं पॉप गाणं. “आणि अहो, नेहमीचंच टुणटुण नको हं. माझ्यासाठी काहीतरी वेगळं वाजवा.”

झालं, मास्तर पेटले. पाच सूर बाजूला ठेवून त्यांनी पुरं सात सुरांचं स्केल घ्यायचं ठरवलं. गाण्यात तीनच कॉर्ड गोल फिरत होते: डी, सी, जी. पहिला डी, म्हणजे घर डी.

तालमीच्या वेळी खारू म्हणाली, “बाबा, मला वाटतं याचं घर जी आहे. गाणं तिथे येऊन टेकतं बघा. डीच्या स्केलमध्ये सी शार्प येतो, आणि मी तर साधा सी वाजवतेय. ते एकमेकांवर आदळतील.”

समोर चार विद्यार्थी बसले होते. मास्तरांनी आरशावरच्या वाक्याकडे बोट केलं. “वाचता येतं ना?” मुलं हसली. खारूही हसली आणि तिने पुन्हा डी धरला. मास्तरांनी त्या तालमीत सोलो वाजवलाच नाही. “तो आयत्या वेळी सुचतो, त्याची तालीम करायची नसते,” असं वर ऐकवलं.

समारंभ कार्यालयाच्याच मोठ्या खोलीत होता. टेबलं भिंतीला लावलेली, खिडकीत पाण्याच्या मीटरचे नमुने मांडलेले, पंख्याखाली फुगे. खारू गात होती आणि कॉर्ड धरत होती. दोन कडवी झाली. बायको पहिल्या रांगेत, मांडीवर पुष्पगुच्छ, डोळे आधीच भरलेले. मास्तर पुढे सरकले. डीवर त्यांनी झोकात सुरुवात केली आणि खारू सीवर गेली त्याच क्षणी मास्तरांचं बोट सी शार्पवर, सीला खेटून असलेल्या वरच्या सुरावर, जाऊन थांबलं. लांब सूर धरायचा होता ना, बायकोसाठी.

काच खरवडावी तसा आवाज झाला. मागच्या रांगेतल्या शिपायानेसुद्धा तोंड वाकडं केलं.

आणि मास्तरांनी काय केलं? मान वळवून खारूकडे पाहिलं. भुवया चढवून, डोकं हलवून, सगळ्यांना दिसेल असं. विचार करून केलं असं नाही. वर्गात खट्टकन काही वाजलं की मान शिष्याकडे वळते, तशी ती वळली.

पुढच्या फेरीला तोच सूर आला, आणि या वेळी गोड लागला. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. पोरीने चूक सुधारली म्हणायची! मग काय, त्यांनी आणखी दोन फेऱ्या दणक्यात वाजवल्या. टाळ्या पडल्या. कार्यालयाचे साहेब पुढे आले आणि खारूच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “बाळ, मधे जरा गडबडलीस. बाबांकडून नीट शिकून घे.”

माइक अजून चालू होता. मास्तर त्यात म्हणाले, “आमची शिष्या अजून कच्ची आहे, सांभाळून घ्या!”

खोलीभर हशा पिकला. खारूही हसली. “हो, चुकले मी,” म्हणाली. घरी जाताना रिक्षात मास्तरांनी दुपारच्या बॅचचा निकाल लावला. “अजून एक वर्ष थांब. हात पक्का होऊ दे.” ती म्हणाली, “बरं.” एवढंच.

सोमवारी मुलं यायच्या आधी मास्तर क्लासमध्ये एकटे बसले होते. बायकोच्या मैत्रिणीने समारंभाचा व्हिडिओ पाठवला होता. आपला सोलो पुन्हा ऐकावा म्हणून मास्तरांनी तो लावला, शेखी मिरवायला नवीन मुलांना दाखवायचा होता. पहिली फेरी आली, तो खरवडल्याचा आवाज आला, आणि मास्तरांना मनात कुठेतरी टोचलं. त्यांनी गिटार घेतली. खारू म्हणाली होती तसं जीचं स्केल धरून पहिल्या फेरीवर वाजवून पाहिलं. सगळं लोण्यासारखं बसलं. म्हणजे घर जीच होतं.

पण दुसऱ्या फेरीला तेच बरोबर स्केल बेसूर झालं! मास्तर चक्रावले. त्यांनी मागे नेऊन पुन्हा लावलं. पुन्हा तेच. मग त्यांनी सूर ऐकणं सोडलं आणि पडद्यावरचा लेकीचा डावा हात पाहिला.

सी धरताना बोटं फाकतात, गिटारच्या दांडीवरच्या तीन वेगवेगळ्या घरांत पडतात. ए कॉर्डला तीन बोटं एकाच घरात दाटीवाटीने बसतात. पहिल्या फेरीत खारूची बोटं फाकलेली होती. मग मास्तरांनी मान वळवून डोळे वटारले. खारूने क्षणभर बापाकडे पाहिलं. आणि पुढच्या फेरीपासून सीच्या जागी तिची बोटं दाटीवाटीने एवर बसली. एमध्ये सी शार्प असतो. बापाचा चुकीचा सूर बरोबर ठरावा म्हणून पोरीने गाणंच बदललं होतं. आपली परीक्षा चालू आहे हे ठाऊक असताना.

मास्तरांनी फोन पालथा ठेवला. समोर आरसा होता, त्यात बघवेना. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुलं आली तेव्हा त्यांनी डोकं दुखतंय सांगून सगळ्यांना परत पाठवलं.

बोलायला हवं होतं, त्याच संध्याकाळी. पण संध्याकाळी खारूने विचारलं, “बाबा, चहा टाकू?” आणि मास्तर “टाक” म्हणाले. मंगळवारी वाटलं, जेवताना सांगू. जेवताना वाटलं, आईसमोर नको. आठवडाभर ते शब्द त्यांच्या ओठांपर्यंत येत होते आणि माघारी जात होते. मास्तरांना स्वतःचीच किळस येऊ लागली, पण तोंड काही उघडेना.

रविवारी मेव्हणे घरी आले. बायकोने हौसेने व्हिडिओ टीव्हीवर लावला. तो खरवडल्याचा आवाज आला तसे मेव्हणे मांडीवर थाप मारून ओरडले, “हे बघा, इथे खारूताईंनी माती खाल्ली! पुन्हा लाव गं!”

पुन्हा लागलं. खारू उठून स्वयंपाकघरात निघाली.

“माती मी खाल्ली,” मास्तर म्हणाले. “ती बरोबर वाजवत होती. चूक माझी होती.”

मेव्हण्यांनी हात जोडले. “वा भावोजी! बाप असावा तर असा. पोरीच्या चुकीचं खापर स्वतःच्या डोक्यावर फोडून घेताय!” बायकोचे डोळे पाणावले. “यांचं मनच मोठं आहे,” ती म्हणाली.

मास्तरांना वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. खरं बोलायला गेले तर वर कौतुक पदरात पडलं! क्षणभर, अगदी क्षणभर, हे असंच राहू द्यावं असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. त्या विचाराचीच त्यांना इतकी लाज वाटली की ते ताडकन उठले आणि दोन्ही गिटारी घेऊन आले.

“खारू, बस. डी, सी, जी धर.”

“बाबा, राहू द्या ना.”

“धर.”

तिने डी धरला. मास्तरांनी त्या दिवशीचंच वाजवायला सुरुवात केली आणि सी शार्पवर बोट ठेवलं. आवाज गोड आला. त्यांनी पाहिलं, तर लेकीची बोटं पुन्हा दाटीवाटीने एवर.

“ए नाही, बाळा,” मास्तर म्हणाले. “सी. त्या दिवशी पहिल्यांदा वाजवलास तो.”

तिने सी धरला. मास्तरांनी आपला सूर त्यावर ठेवला आणि धरून ठेवला. खरवडल्याचा आवाज घरभर झाला. मेव्हण्यांनी कानावर हात नेला. मग मास्तरांनी बोट एक घर खाली आणलं, साध्या सीवर, आणि सगळं शांत, गोड झालं. तिने तिचा कॉर्ड तसूभर हलवला नव्हता, हे सगळ्यांना दिसलं.

मेव्हण्यांचं हसू कुठल्या कुठे गेलं. बायको लेकीकडे वळली. “अगं, मग तू बोलली का नाहीस?”

“तुझा कार्यक्रम होता ना,” खारू म्हणाली. “आणि वाटलं, बाबांच्या लक्षात येईल. मग ते बोलतील.”

मास्तर इथे थांबले असते तरी चाललं असतं.

“लक्षात सोमवारीच आलं होतं,” ते म्हणाले.

खारूने मान वर करून बापाकडे पाहिलं. त्या दिवशी समारंभात पाहिलं होतं तसंच, क्षणभर. मग तिने गिटार पिशवीत घातली, चेन ओढली आणि हात पुढे केला. “क्लासची चावी द्या. उद्या दुपारची बॅच मी घेते. आणि आरशावरचं ते पुसणार आहे.”

मास्तरांनी खिशातून चावी काढून तिच्या हातावर ठेवली. देताना त्यांची मान काही वर झाली नाही.