बघायला जाणारे गुणाजीकाका

भांडुपमध्ये कोणी आजारी पडलं की आधी डॉक्टर पोचतो की गुणाजीकाका परब, यावर आमच्या चाळीत कधी वाद झाला नाही. डॉक्टरला बोलवावं लागतं.

गिरणी बंद पडल्यावर काकांनी बरीच वर्षं वॉचमनकी केली. तीही सुटल्यावर त्यांनी लोकांना हॉस्पिटलात बघायला जाण्याचं काम अंगावर घेतलं. ओळख असायलाच हवी असं नव्हतं, शेजारच्या खाटेवरच्यालाही बघून यायचे. पेशंटच्या खाटेवर ऐसपैस बसायचं, शहाळ्याचं पाणी स्वतःच्या हाताने पाजायचं आणि मग हात जोडून कोकणातल्या रिवाजाप्रमाणे देवाला खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घालायचं. प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. काकांना आयसीयूतूनही बाहेर काढलेलं आहे, पण गाऱ्हाणं पुरं झाल्यावर.

यंदा फ्लूची साथ जोरात होती, आणि त्यातच त्यांच्या बायकोची, विमलाकाकूंची, मुलुंडच्या एका हॉस्पिटलात बायपास ठरली. डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांना आधीच फ्लूची लस घ्यायला सांगितलं होतं. लेकीने, अक्षताने घेतली. काका म्हणाले, “मी खय आजारी पडतंय?” आणि घाटकोपरला राजारामला बघायला गेले. राजाराम त्यांचा गिरणीतला दोस्त, फ्लूने आडवा झालेला. काकांनी त्याच्या उशाशी बसून मोसंबी सोलली, अर्धी त्याला भरवली, अर्धी स्वतः खाल्ली.

काकूंचं ऑपरेशन नीट पार पडलं. त्या वॉर्डात आल्या आणि इकडे काकांना ताप भरला. खोकला तर असा, की मधल्या भिंतीपलीकडे माझ्या मांडणीवरची भांडी वाजायची.

अक्षताने आडपडदा ठेवला नाही. “बाबा, आईची छाती उघडून शिवलीय. तुमचा फ्लू तिला लागला आणि त्याचा न्यूमोनिया झाला तर ती जाईल. मारायचंय का तिला? घरी बसा.”

“अख्ख्या भांडुपाक बघूक गेलंय,” काका म्हणाले, “आणि स्वतःच्या बायलेक बघूक जाव नको? लोक काय म्हणतले?”

लोक ‘सुटलो’ म्हणतील, असं मी सांगितलं. काकांनी ते मनावर घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला, म्हणजे गोळीने उतरवला. काकांनी मास्क लावला, खोकला दबावा म्हणून जिभेखाली खडीसाखर ठेवली आणि पेजेचा डबा घेऊन निघाले. हातात डबा असला की हॉस्पिटलात कोणी अडवत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांना अडवायचं म्हणून मीही मास्क लावून रिक्षात बसले आणि मुलुंडपर्यंत त्यांना अडवत गेले. वॉचमनने डब्याकडे बघितलं आणि आम्हा दोघांना वर सोडलं.

वॉर्डाच्या दाराला काच होती. आत काकू छातीशी उशी धरून बसल्या होत्या. या ऑपरेशननंतर कफ साचू नये म्हणून मुद्दाम खोकायला लावतात, आणि टाक्यांना हिसका बसू नये म्हणून उशी घट्ट कवटाळायची असते. सिस्टरने खूण केली. काकू एकदाच खोकल्या, अगदी एवढंसं. तेवढ्यासाठी त्यांचा चेहरा असा पिळवटला की मी मान फिरवली. पुन्हा बघितलं तेव्हा त्या डोळे मिटून नुसत्या श्वास घेत होत्या.

काकांचा हात दाराच्या मुठीवर होता. तो त्यांनी काढून घेतला. भिंतीवरच्या बाटलीतलं सॅनिटायझर हाताला चोळलं, मग मुठीला चोळलं, मग डब्याच्या कडीलाही.

“डबो सिस्टरीकडे दी. तूय आत जाव नको,” म्हणाले आणि जिन्याने उतरू लागले. खालच्या वळणावर पोचल्यावर जे खोकले, ते सगळ्या मजल्यांनी ऐकलं असेल. सकाळपासून मला त्यांचा भयंकर राग आला होता, तो तिथे संपला.

खाली पार्किंगमध्ये त्यांनी काकूंना फोन लावला. “वायच ताप आसा, येवक जमाचा नाय,” एवढंच सांगितलं. मग फोन स्पीकरवर टाकून कुणाच्यातरी स्कूटरच्या सीटवर ठेवला आणि हात जोडले.

“बा देवा म्हाराजा! माझी घरकारीण आज तुझ्या पायाशी पडान आसा. माझो ताप, माझो खोकलो तिच्यापासून लांब ठेव, रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा,” मी म्हणाले. मी साताऱ्याची, पण तिथे दुसरं होतं कोण?

“तिका चलत घराक येवंदे, रे म्हाराजा! तिच्याशिवाय माका...” त्यांचा आवाज बसला. “तिच्याशिवाय माका कोण नाय, रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा,” मी पुन्हा म्हणाले.

फोनमधून काकू दमत दमत म्हणाल्या, “लगीन झाल्यापासून लोकांची गाऱ्हाणी आयकत इलंय. माझ्यासाठी ह्या पयलाच.”

काकांनी सीटवरचा फोन आणखी जवळ ओढला.

“परत घाला,” काकू म्हणाल्या. “पुरा आयकाक गावला नाय. सिस्टरीन मधीच खोकूक लावल्यान.”

काकांनी मास्कखाली रुमाल घालून नाक पुसलं आणि पहिल्यापासून सुरू केलं.