प्रिंटरपुरता अधिकार

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी खालापूरजवळच्या आमच्या कागद कारखान्यात युनिक्सवर चालणारं संगणकाचं यंत्र आलं आणि त्याची जबाबदारी माझ्यावर पडली. मुख्य पासवर्ड एकच. तो ज्याच्याकडे, त्याला काहीही पुसता येई. आणि तो माझ्यासकट चौघांकडे होता, कारण अडलेला प्रिंटर पुन्हा सुरू करायलाही तोच लागे. मालाचं चलन छापलं नाही तर ट्रक फाटकातच उभा.

एका सोमवारी यंत्रातली साठ्याची फाईल गायब झाली. मॅनेजरसाहेबांनी लगेच चलनं छापणाऱ्या डिस्पॅचच्या मुलीकडे बोट दाखवलं. ती लोधिवलीहून येई. हंगामी होती, आणि तिला कायम करण्याचा कागद सहीसाठी त्यांच्याच टेबलावर होता. मला मात्र उरलेल्या तिघांचाही संशय होता: ती, आमचा प्रोग्रामर आणि साहेबही.

"तिच्याकडून पासवर्ड काढून घ्या," ते म्हणाले.

"मग प्रिंटर कोण सुरू करणार? तुम्ही?"

तिला प्रिंटरपुरताच अधिकार द्यायचा, असं मी ठरवलं. पुरवठादाराच्या माणसाने भलामोठा प्रोग्राम पुढे केला. मेनू, गट, परवानग्या, वर जाडजूड पुस्तक. "यात सगळं आहे, मॅडम." म्हणूनच तो मला नको होता. जे वाचून संपत नाही, त्यात काय दडलंय कोण सांगणार?

नेरळहून येणाऱ्या आमच्या प्रोग्रामरने पानभराचा प्रोग्राम लिहिला. तो फक्त प्रिंटर सुरू करणार, बाकी काही नाही. मी पेन्सिल घेऊन ओळ न् ओळ वाचली. चालवायच्या आज्ञेचं नुसतं नाव होतं. ती यंत्रात कुठे ठेवलीय, तो पूर्ण पत्ता नव्हता. त्याच नावाचं दुसरं काही कोणी आधी घुसवलं असतं, तर यंत्राने तेच पूर्ण अधिकाराने चालवलं असतं.

"हे मुद्दाम सोडलंस काय रं?"

"माझ्यावर पन संशय, ताई?"

"सगळ्यांवर हाय. पत्ता लिही."

मग पासवर्ड बदलला. साहेबांनी हट्टाने मागितला, म्हणून त्यांना दिला. पंधरवड्याने फाईल पुन्हा गेली.

"आता पासवर्ड फक्त तुम्हाला नि मला ठाऊक," मी म्हणाले.

साहेब पडद्याकडे बघत म्हणाले, "यंत्रातली जागा भरली होती. जुन्या वाटल्या त्या फायली पुसल्या."

संध्याकाळी तिच्या कागदावर सही झाली. ती धावत आली. "ताई, आता पासवर्ड परत मिळंल ना?"

"नाय गं. साहेबांचा पन काढला."